सहा दात आणि एक जयंती

दिल्या,

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. शहाडच्या घरासमोर मांडव घातलेला, वंदना, सूत्रपठण सगळं नीट पार पडलं, लोक जेवायला बसले. आणि वाढता वाढता मावशीने मला सगळ्यांसमोर विचारलं, "सुनंदा, त्याचे दात काढून शेवटी काय मिळालं गं? धंदा गेला त्याचा. आणि गेला तो हार्टनेच ना?"

तू असतास तर म्हणाला असतास, ताई, जाऊ दे, लोकांना जेवू दे. मी नाही जाऊ दिलं. हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "मावशी, त्या दातांखाली पू होता. मीच काढायला लावले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावेन."

 तुझ्या रेखाने माझ्याकडे पाहिलं नाही, पण हाताला धरून मला तिच्या शेजारी बसवलं. तुझी बायको माझ्या बाजूने आहे, हे तुला आधी सांगून ठेवते. बाकीचं भांडण आपलं दोघांचं.

बॅनरवर फोटो कुठला लावलाय माहितीये? वीस वर्षांपूर्वीचा. ट्रंपेट वर धरलेला, गाल फुगलेले, आणि त्याच्या आधीच्या क्षणाला हसला असशील, कारण डोळे अजून हसतायत. अशोक मास्तरांनी निवडला. बँड त्यांचा, क्लॅरोनेट त्यांची, आणि तीस वर्षं तू त्यांच्या उजव्या हाताला उभा. त्यांना तू तसाच आठवणार. मला तसा नाही आठवत.

मला तू आठवतोस तो मास्तरांच्या मुलीच्या लग्नातला. वरात दारात आली, तू एक लांबलचक सूर ओढलास, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि तू रुमालाने ओठ पुसलेस. रुमाल लाल.

"हे काय रे?"

"पान खाल्लं."

"तू कधीपासून पान खायला लागलास?"

"आजपासून," म्हणालास, आणि परत वाजवायला लागलास, म्हणजे मला पुढे बोलता येऊ नये.

डोंबिवलीत दातांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं मॅडमच्या हाताखाली काम करतेय. माणूस खुर्चीत बसून तोंड उघडायच्या आधी मला वासावरून कळतं की हिरड्या गेल्यात. तुझ्या तोंडाचा वास मला वर्षभर येत होता. जेवताना तू पोळी एका बाजूने चावायचास. पेरू सोडलास, ऊस सोडलास, भाकरी आमटीत बुडवायला लागलास. नऊ वर्षांचा तुझा डायबेटिस, आणि मी रोज लोकांना सांगायचे, साखर असेल तर सहा महिन्यांनी हिरड्या दाखवायला या. सख्ख्या भावाला मात्र नुसतं विचारायचे, ब्रश करतोस ना रे?

का, ते मावशीला माहीत नाही. तिला दिवा गावातला तो दिवस माहीत नाही.

मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हाची गोष्ट. दिव्यातल्या त्या गल्लीत मी दोन पिशव्या, एक पेटी आणि शिलाई मशीन घेऊन उभी होते. प्रत्येक खिडकीत एक तोंड. कोणी काही बोलत नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं. तू टेम्पो घेऊन आलास. सामान चढवलंस, मला पुढे बसवलंस, आणि स्वतः मागे चढून पेटीवर उभा राहिलास. मला वाटलं, दोरी बांधतोयस. तू ट्रंपेट काढलास. वरातीची चाल सुरू केलीस, ती एकदम जोरातली, जिच्यावर म्हातारी माणसंही नाचतात. गल्लीच्या टोकापर्यंत ड्रायव्हरला टेम्पो पायी चालण्याच्या वेगाने न्यायला लावलास. मी डोक्यावर पदर घेतला होता तो खाली घेतला आणि खिडकीतल्या एकेका तोंडाकडे बघत गेले.

घरी आल्यावर तुला विचारलं, "लाज नाही वाटली?"

"लग्नाला वाजवतात," तू म्हणालास, "सुटलीस त्याला का नाही वाजवायचं?"

त्या दिवसापासून मी माझ्या पायावर ताठ उभी आहे. मग त्याच माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगायचं, तुझे पुढचे दात काढून टाक?

कारण ट्रंपेट ओठांनी वाजतो असं लोकांना वाटतं. तूच मला शिकवलेलंस. ओठ नुसते थरथरतात, त्यांच्यामागे भिंत लागते, आणि ती भिंत म्हणजे पुढचे दात. भिंत हलली की सूर हलतो.

शेवटी तुला ओढत आणलंच मी मॅडमकडे. खुर्चीत बसलास तेव्हा हाताची घडी घातली होतीस, जसा काही तपासायला तूच आलायस. मॅडमने आरसा फिरवला, दात हलवून बघितले, एक्स-रे काढला. वरचे दोन, खालचे चार. हाड खालून खाल्लेलं.

त्या शांतपणे बोलल्या. म्हणाल्या, साखर जास्त असली की हिरड्यांत जंतू माजतात, आणि हा जंतुसंसर्ग चालू राहिला की साखर काही केल्या खाली येत नाही. दोघं एकमेकांना पोसतात. आणि ही सूज तोंडातच राहत नाही, रक्तातून सगळीकडे फिरते. डायबेटिसवाल्याच्या रक्तवाहिन्या आधीच खराब होत असतात, त्यात ही वर्षानुवर्षांची भर. "मी घाबरवत नाहीये," म्हणाल्या, "दात काढले की हृदय बरं होतं असंही म्हणत नाहीये. पण ही आग घरात ठेवू नका. आणि एकदा हृदय तपासून घ्या."

मला बाबा आठवले. त्यांनाही साखर होती, पायाच्या अंगठ्याची जखम दोन वर्षं भरली नाही. कंपनीत बुटात पाय घालून जायचे, संध्याकाळी मोजा सोलून काढायचे. मग एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. अंगठ्याचं वेगळं आणि हृदयाचं वेगळं, असंच आपण धरून चाललो. कोणी जोडून बघितलं नाही. शेजारी म्हणाले नशीब. आई उठून म्हणाली होती, माझ्या घरात हा शब्द नको.

तू मॅडमला एकच प्रश्न विचारलास. "काढले तर वाजवता येईल का?"

"खात्रीने नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत.

तू उठलास. खाली रस्त्यावर येऊन मला म्हणालास, "दाताचा नि हृदयाचा काय संबंध? तुमची खुर्ची रिकामी राहू नये म्हणून हे सगळं." मी म्हटलं, "बाबांच्या अंगठ्याचा नि हृदयाचा काय संबंध होता?" तू रिक्षात बसून निघून गेलास. अकरा महिने आपण दातांवर बोललो नाही. तू यायचास, जेवायचास, हवापाण्याच्या गप्पा मारायचास. मी तुझ्या ताटात नरम पडेल असंच वाढायचे, आणि तू ते बघून न बघितल्यासारखं करायचास.

मग गणपती आले. पाचव्या दिवसाच्या विसर्जनात तू अंगात ताप घेऊन, डावा गाल लिंबाएवढा सुजलेला असताना वाजवलंस. दुसऱ्या दिवशी तोंड उघडेना. रेखाने तुला कल्याणला दवाखान्यात घातलं. साखर इतकी वर की नर्सने दुसऱ्यांदा सुई टोचून बघितली. गालातला पू काढला, सलाईन लावलं, आणि रीत म्हणून छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी काढला. पट्टी बघून डॉक्टर परत आले. मग आणखी एक तपासणी. मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"तुम्हाला आधी एक झटका येऊन गेलाय."

"कधी?" तू सुजलेल्या तोंडाने म्हणालास. "मला कोणी सांगितलं नाही!"

रेखा रडत होती आणि तुझं ते ऐकून हसली पण. डॉक्टर म्हणाले, डायबेटिसमध्ये नसा बधिर होतात, कळ येतच नाही काहींना. तेव्हा तू आठवून आठवून सांगितलंस की उन्हाळ्यात एका वरातीत घाम फुटला होता, हात जड झाला होता, दहा मिनिटं जनरेटरच्या गाडीवर बसलास आणि परत उठून वाजवलंस. तीन रक्तवाहिन्या अडलेल्या निघाल्या. बायपास करावा लागेल. पण आधी तोंड साफ करा, पू तसाच ठेवून छाती उघडणार नाही, असं सर्जनने स्वच्छ सांगितलं.

तू माझ्याकडे बघितलंस. मी "बघ, म्हटलं नव्हतं" असं म्हणाले नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी मला शाबासकी दे.

हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आल्यावर दोन खेपांत सहा दात काढले. मॅडमचा हात चालत होता, नळी मी धरली होती. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, म्हणून प्रत्येक दातानंतर मी बोळा दाबून धरायचे, आणि तू माझ्या मनगटाला धरायचास. सहावा निघाला तेव्हा बधिर ओठांनी, शब्द सांडत म्हणालास, "ताई, माझा सूर पडलाय बघ तुझ्या ट्रेमध्ये."

 मी ट्रे घेऊन आत गेले, नळ सोडला. बराच वेळ सोडून ठेवला.

पण त्यानंतर काय झालं तेही सांगते, कारण मावशीला ते कोणी सांगत नाही. महिन्याभरात तुझी साखर उतरली. साखरेच्या गोळ्या त्याच, जेवण तेच. संध्याकाळचा तो बारीक ताप गेला. चेहऱ्याचा रंग बदलला. नऊ वर्षांत पहिल्यांदा रिपोर्ट चांगला आला म्हणून तू मॅडमना पेढे घेऊन आलास, आणि पेढ्यांचा बॉक्स बघून त्या तुझ्यावर अशा ओरडल्या की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले.

आणि कवळी लावून तू नदीवर जायला लागलास. शहाडच्या पुलाखाली, सकाळी सहाला, कोणी ऐकू नये म्हणून. ट्रंपेटमधून नुसती हवा यायची. मी एकदा आले होते, तुला न सांगता. लांब उभी राहिले. तू फुंकलंस, कवळी सरकली, तू ती बसवलीस, परत फुंकलंस. सहा वेळा, सात वेळा. शिवी दिलीस नदीला. परत फुंकलंस. मी तशीच मागे फिरले.

दीड महिन्याने तू स्वतः मास्तरांकडे गेलास आणि म्हणालास, "ट्रंपेट दुसऱ्याला द्या. मला युफोनियम द्या." ते पोटाशी धरायचं मोठं वाद्य, फुंकायचं तोंड वाटीएवढं, दातांवर जोर कमी. मागच्या रांगेत वाजतं. त्याच्याकडे बघून कोणी शिट्टी मारत नाही. मास्तर म्हणाले, "दिलीप, तू मागे उभा राहणार?"

"मागचा सूर काढून बघा एकदा," तू म्हणालास, "मग पुढचे किती मिरवतात ते कळेल."

मास्तरांनी परवा हे मला सांगितलं.

आता जे कोणाला माहीत नाही ते.

ऑपरेशनची तारीख जानेवारीतली मिळत होती. तू रविवारी माझ्याकडे आलास. मी बोंबील केले होते, तू कवळीने चावून दाखवत होतास, काटासुद्धा. जेवण झाल्यावर म्हणालास, "छाती फाडल्यावर फुंकायला किती महिने लागतील?"

"तीन. चारसुद्धा."

"म्हणजे चौदा एप्रिल गेला." मग पाण्याचा ग्लास फिरवत बसलास. "ताई, मी तुला सहा दात दिले. तू मला एक जयंती दे."

रेखाला तू सांगितलंस की डॉक्टरांनीच तारीख पुढे ढकलली. डॉक्टरांनी खरं तर सांगितलं होतं, थांबू नका, थांबलात तर तुमच्या जबाबदारीवर. तू मला विचारलंस, आणि मी, जी आयुष्यभर तुला हे कर ते कर म्हणत आले, मी म्हटलं, "बरं. मेच्या पहिल्या आठवड्यातली घे."

सगळे विचारतात, दात काढायला का लावलेस. थांबायला हो का म्हणालीस, हे कोणी विचारत नाही. कारण कोणाला माहीत नाही. परवा रात्रीपर्यंत रेखालाही नव्हतं. मी तिला सांगितलं.  ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं. म्हणूनच नाही विचारलं त्याने." ती खरं बोलली की मला सावरायला बोलली, ते तुला माहीत. मला नाही.

जयंतीला मी आले होते. पांढरा शर्ट, निळी टोपी, पोटाशी ते पितळी धूड. मिरवणूक कल्याणच्या चौकात आली आणि समोरचा डीजे बंद पडला. काहीतरी वायरचं झालं. एवढी गर्दी एकदम शांत. मास्तरांनी क्लॅरोनेट उचलली आणि तुमचा बँड वाजायला लागला. मी आयुष्यभर बँडचा वरचा सूर ऐकत आले, तुझा. त्या दिवशी पहिल्यांदा खालचा ऐकला. तो कानात येत नाही, पायातून वर येतो. माझ्या शेजारची एक म्हातारी नाचायला लागली, काठीसकट. तू मान वळवून मला शोधलंस. सापडले तेव्हा भुवया उडवल्यास. बस, एवढंच. मी तेव्हा ओरडून काहीतरी म्हणायला हवं होतं. गर्दीत लाज वाटली.

त्यानंतर दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत. सकाळी नऊला रेखाचा फोन. "ह्यांना घाम फुटलाय. म्हणतात अ‍ॅसिडिटी आहे, सोडा घेतलाय."

मी दवाखान्यातून ओरडले, "सोडा नको! रिक्षात घाल! आत्ता!"

मागून तुझा आवाज आला, "अगं काही दुखत नाहीये. शर्ट तरी बदलू दे."

तुझा तो शेवटचा शब्द मी ऐकलेला. शर्ट. आणि तू खरंच शर्ट बदललास, इस्त्रीचा घातलास, बटणं लावलीस. मी डोंबिवलीहून रिक्षाने शहाडला पोचले तेव्हा तू त्या इस्त्रीच्या शर्टात पडला होतास.

मी डॉक्टरांना विचारलं, जानेवारीत ऑपरेशन झालं असतं तर? ते म्हणाले, चान्स जास्त होता, पण नक्की कोणीच सांगू शकत नाही. मग मी विचारलं, अकरा महिने आधी दात काढले असते तर? दहा वर्षं आधी हिरड्या साफ केल्या असत्या तर?  "ताई, एवढं मागे जाऊ नका," म्हणाले.

मी जाणार. मागे जाणार आणि बघणार, कारण बाबांच्या वेळी कोणी गेलं नाही. कोणी म्हणतं तू गोड खाऊन गेलास. तू चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचास. कोणी म्हणतं वेळ आली होती. वेळ नव्हती आली. हिरड्यांतून येत होतं ते रक्त वर्षानुवर्षं, रुमालावर, सगळ्यांच्या देखत, आणि आपण सगळ्यांनी त्याला पान म्हटलं. तू म्हटलंस, आणि मी ऐकून घेतलं. दातांबद्दल मला काडीचा पश्चात्ताप नाही, दिल्या. जयंतीबद्दल आहे. आणि तुझ्या त्या उडवलेल्या भुवया आठवल्या की नाहीये. दोन्ही घेऊन मी जगणार आहे, कोणी मला त्यातलं एक निवडायला सांगू नये.

तर परवा पंगत उठल्यावर मी तुझ्या बँडवाल्यांना थांबवलं. अकरा जण. प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने लावल्या, मोबाईलची बॅटरी लावली आणि म्हटलं, "आ करा." आधी हसले. मग ढोलवाल्याने तोंड उघडलं, मग बाकीच्यांनी. मावशी दारातून बघत होती. चौघांच्या हिरड्या सुजलेल्या. त्या चौघांत तिघांना साखर आहे, आणि तिघांनाही त्याचा याच्याशी काही संबंध आहे हे माहीत नव्हतं. सगळ्यात वाईट अशोक मास्तर. खालचा एक दात बोटाने हलला.

"दुखतं?"

"नाही गं. ब्रश करताना जरा लाल येतं, बास." क्लॅरोनेटची पेटी मांडीवर धरून बसले होते. "बघू ना सुनंदा. एवढी लग्नसराई संपू दे. वीस-पंचवीस दिवसांचा प्रश्न आहे."

तुझ्यासारखंच बोलले. अगदी तसंच, नजर बाजूला घेऊन. आणि माझ्या तोंडात "बरं" आलं होतं, खरंच आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "उद्या. साडेदहाला. साखरेचा रिपोर्ट घेऊन, आणि नाश्ता करून या. आणि तिथून छातीची पट्टी काढायला मी स्वतः घेऊन जाणार."

"उद्या उल्हासनगरला वरात आहे."

"ती संध्याकाळी असते."

ते रेखाकडे बघायला लागले, मग मावशीकडे. मावशी म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? ती सांगतेय तर जा." कुठून बोलली कोण जाणे.

काल साडेदहाला ते आले नाहीत. पावणेअकराला मी फोन हातात घेतला, आणि जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या. पेटी सोबतच होती, परस्पर वरातीला पळायचा विचार असणार. मी ती काढून घेतली आणि माझ्या टेबलाखाली ठेवली. त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्यात रुमाल बांधला, दिवा खाली ओढला.

"सुनंदा," ते म्हणाले, "वाजवता येईल ना मला नंतर?"

"खात्री नाही," मी म्हटलं. "आ करा."

त्यांनी केलं.